कोंडाजींनी घेतलेलं नाव

अधीक्षकांनी टेबलावरचा संगणक सगळ्यांना दिसेल असा फिरवला आणि आवाज वाढवला. नागपूरला अधिवेशन सुरू होतं. प्रश्नोत्तरांचा तास नुकताच लागला होता.

"दार लावा," ते म्हणाले. "आपल्याच दवाखान्याचा प्रश्न आहे. ऐकू दे सगळ्यांना."

दीपमालाने दार लावलं आणि तिथेच कडी धरून उभी राहिली. मैत्री सिस्टरने रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं, पण दीपमालाने मान हलवली. 

कारखान्यांच्या पट्ट्यातल्या या कामगार रुग्णालयात गेल्या वर्षी भाजलेल्यांसाठी वेगळा कक्ष झाला होता. कागदोपत्री झाला होता. फीत कापली गेली, पाटी लागली, पेढे वाटले गेले. खाटा तेवढ्या आल्या नाहीत. आत मोडक्या खुर्च्या आणि सलाइनचे रिकामे खोके भरलेले, बाहेर कुलूप. दिवाळी संपता संपता भोसरीच्या एका वर्कशॉपमधली बाई भाजून आली, तेव्हा ड्युटीवरची नर्स दीपमाला होती. पाटी समोर दिसत असताना त्या बाईला पुण्याला पाठवावं लागलं आणि ती वाटेतच गेली. पुढच्या रविवारी दीपमाला कोणालाही न सांगता आमदार कोंडाजींच्या घरी जाऊन सगळं सांगून आली.

"माझं नाव नका घेऊ, साहेब," निघताना ती म्हणाली होती.

"न्हाई घेत, ताई. च्या घेऊन जावा," कोंडाजी म्हणाले होते.

पण या भल्या माणसाला नावं घेतल्याशिवाय माइक सोडवत नाही. वाढदिवस असो की दशक्रिया, व्यासपीठावरच्या पाहुण्यांपासून मांडववाल्यापर्यंत एकूणएक नाव येणारच. कोणी एखादी अडचण सांगितली, की 'आमच्या अमुकताईंनी माझ्या कानावर घातलं' हे वाक्य ठरलेलं. लोक मागे हसतात, पण आपलं नाव आलं की खूश होतात. त्यांच्या लेखी तो मान असतो. त्या मानापायीच दीपमालाची पाचावर धारण बसली होती. तिची नोकरी कंत्राटी. नवरा, ज्योतीराम, चाकणच्या कंपनीने उन्हाळ्यातच घरी बसवलेला. तिच्या मुदतवाढीचा कागद अधीक्षकांच्या सहीसाठी याच टेबलावर पडून होता.

पडद्यावर मंत्री उभे राहिले.

"हे खरे नाही," त्यांनी वाचून दाखवलं. "सदर कक्ष कार्यरत असून खर्च नियमानुसार झालेला आहे."

हे उत्तर महिन्यापूर्वी याच खोलीतून वर गेलं होतं. अधीक्षकांनी रुमालाने मान पुसली. दिवाळी झाली, आता मार्चला निवृत्ती; तेवढं सुखरूप पार पडावं, असं ते हल्ली येता-जाता म्हणत.

कोंडाजी उठले.

"अध्यक्ष महोदय, मंत्रिमहोदय म्हणतात कक्ष चालू हाय. मग आत खाटा किती, तेवढं सांगावं. एवढा खर्च केला म्हणता, त्यातनं एक कुलूप सोडलं तर दुसरं काय आलं?"

बाकांवर हशा पिकला. मंत्री हसले नाहीत.

"सन्माननीय सदस्यांना ही माहिती कोणी दिली? नाव सांगावं. नाहीतर ही सभागृहाची दिशाभूल आहे, असं मला म्हणावं लागेल."

"कुलपाचं बाहेरच्याला काय माहीत?" अधीक्षक हळूच म्हणाले. "आतलंच कोणीतरी आहे." आणि त्यांनी खोलीतल्या एकेकाच्या तोंडाकडे पाहायला सुरुवात केली.

 दार उघडून निघून जावं, असं दीपमालाच्या मनात आलं. पण आत्ता जाणं म्हणजे आपणच आपलं नाव सांगणं. तिने पडद्यावरची नजर काढली नाही. तिला कोंडाजींचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. कशाला गेलो आपण?

"नाव हाय माझ्याकडं," कोंडाजी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आमच्या घरातल्यांचा हात भाजला व्हता. दिवाळीच्या फराळाला, उकळत्या तेलानं. त्या स्वतः गेल्या व्हत्या तिथं. कक्ष बंद म्हणून माघारी पाठवलं."

"नाव सांगा, नाव," समोरून आवाज आले.

गावभरची नावं घेणाऱ्या या माणसाने बायकोचं नाव चारचौघांत कधी उच्चारलं नव्हतं. जुन्या घरांत ती रीतच नसते. कोंडाजी खाली बघून बोलले.

"शालनबाई. माझी मंडळी, अध्यक्ष महोदय."

दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पदरालाही कळू दिलं नाही. आपण वाचलो, एवढंच तिला कळलं. मग तिला शालनबाईंचे हात आठवले. त्या रविवारी त्यांनीच चहा आणून दिला होता. कोपरापर्यंत स्वच्छ हात होते, कुठे डागसुद्धा नव्हता.

मंत्र्यांनी आजच्या आज रुग्णालयाकडून खुलासा मागवतो म्हणून सांगितलं. खुलासा येईपर्यंत अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला.

थोड्याच वेळात टेबलावरचा फोन वाजला. अधीक्षक उभं राहूनच बोलले. "हो सर, हो सर," म्हणत त्यांनी फोन ठेवला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला होता.

"दिवाळीत दिवसपाळी कोणाची होती?"

 मैत्री सिस्टरने मान खाली घातली.

"माझी," दीपमाला म्हणाली.

"आमदारांची बायको हात भाजून आली होती?"

तिने नजर चुकवली. त्यांना ते पुरेसं झालं.

"मग सुटलो आपण. लिहून दे, अशी कोणी बाई आलीच नाही." त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. "खोटं लिही म्हणत नाही मी. खरं तेच लिही. आमदार सभागृहात खोटं बोललाय, आता त्याच्यावर हक्कभंग येईल आणि प्रश्न तिथल्या तिथे मिटेल. तुझा मुदतवाढीचा कागद आहे इथे. आत्ताच सही करतो."

तसं पाहिलं तर ते बरोबरच बोलत होते. शालनबाई आल्या नव्हत्या. एक खरी ओळ लिहायची, आणि घर वर्षभर चालणार होतं. दीपमाला दार सोडून टेबलापाशी आली. तिला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आल्या होत्या, सर."

"कोण?"

"शालनबाई. हात भाजला होता." आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "कक्षाला कुलूप होतं. मीच परत पाठवलं त्यांना."

 अधीक्षकांनी सहीसाठी काढलेलं स्वतःचं पेन मुदतवाढीच्या कागदावरच थांबलं.

"विचार कर, दीपमाला," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "हे लिहून देशील?"

"देते."

तिने खुर्ची ओढली.  मग कोऱ्या कागदावर सगळ्यात आधी तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.