तपासणी कुणी बंद केली

मोनालीला शिरूरच्या सॉफ्टवेअर कंपनीत चिकटवलं ते सुदर्शनदादानं, हे भांडगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दादा केडगावचा, कंपनीतला सीनियर. रोज चौफुल्यावरून तिला गाडीत घ्यायचा आणि न्हावऱ्यामार्गे हापिसात न्यायचा. मोनाली त्याला राखी बांधायची. अशा माणसानं काही मागितलं आणि पोरगी नाही म्हणाली, असं आपल्याकडं होतं का कधी?

तर झालं असं. कंपनीचा सगळा कोड हापिसातल्या एका सर्व्हरवर असायचा, पोरं आपापल्या मशीनवर तो उतरवून घ्यायची. दिवाळीच्या तोंडावर सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, बदललं आणि मशीनी अडून बसल्या. हे सर्टिफिकेट आमच्या ओळखीचं नाही, हा सर्व्हर खरा कशावरून? खरं तर काम एवढंच होतं, की प्रत्येक मशीनवर नवीन सर्टिफिकेट बसवायचं. पण एका दूध संघाचं काम रखडलेलं, गिऱ्हाईक सारखं फोनवर. दादा मोनालीच्या खुर्चीपाशी आला.

"मोने, माझं लॉगिन अडकलंय. तुझा पासवर्ड टाक, पटकन एक काम करतो."

तिनं टाकला आणि उठून खुर्ची दिली. सगळ्यांच्या मशीनवर चालणाऱ्या सेटअप फाइलीत दादानं सर्व्हर खरा की खोटा ही तपासणीच बंद करून टाकली.

"दादा, असं चालंल का? मधी कुणी खोटा सर्व्हर मांडून बसला तर कळायचं पण न्हाई."

"अगं, कोण बसतंय मरायला? चार दिसांनी चालू करू की."

कशाचे चार दिवस! तपासणी बंद ती बंदच राहिली. मग गिऱ्हाइकाच्या वाय-फायवर काम करताना एका पोराचा पासवर्ड कुणीतरी मधल्यामधे उचलला आणि दूध संघाचा अख्खा कोड पळवला. कंपनीच्या मालकीण अनुपमा मॅडम भडकल्या. तपासणी मोनालीच्या लॉगिनवरून बंद झालीय, हे शोधायला फार वेळ लागला नाही.

दादानं तिला जिन्यात गाठलं. "तू फक्त व्हय म्हण. नवीन हायेस, चूक पोटात घालतील. मलाच काढलं तर तुझ्यामागं कोण उभं राहणार?"

आणि खरं सांगू, पोरगी तयार झाली होती. उपकार होते ना त्याचे!

तेवढ्यात मॅडमनी तिलाच फर्मावलं, सगळ्या मशीनी बघ आणि तपासणी चालू कर. करत करत ती दादाच्या मशीनपाशी आली. तिथं तपासणी चालूच होती; ती सेटअप फाइल त्यानं स्वतःच्या मशीनवर चालवलीच नव्हती. नवीन सर्टिफिकेट व्यवस्थित बसवलेलं, तेही तिचा पासवर्ड मागण्याच्या आदल्या दिवशी. आणि तिच्या खुर्चीवरून उठल्याउठल्या त्यानं स्वतःच्याच लॉगिननं कोडसुद्धा उतरवला होता. म्हणजे धोका माहीत होता, उपाय माहीत होता आणि लॉगिन काही अडकलं नव्हतं. सगळ्यांच्या मशीनी करत बसायचा कंटाळा, आणि उद्या काही झालंच तर नाव हिचं! केसानं गळा कापला की हो मेल्यानं.

ती तडक मॅडमच्या केबिनमध्ये गेली. दादा तिथं आधीच बसला होता.

"मॅडम, लॉगिन माझं, पण केलं दादांनी. त्यांचं मशीन बघा, तिथं तपासणी चालू हाय."

दादानं मान खाली घातली. आवाज असा मऊ, की लोणी झक मारेल.

"मॅडम, बहीण हाय माझी. घाबरलीय, म्हणून काहीबाही बोलतीय. तिला काढू नका, मी घेतो जबाबदारी."

मॅडमचा चेहरा निवळला. "सीनियर माणूस आपलं मशीन नीट ठेवतो, यात गुन्हा काय गं? त्यांच्याकडून शिक काहीतरी. उद्यापासून तुझं प्रत्येक काम सुदर्शन तपासतील."

संध्याकाळी ती दादाच्या गाडीकडं न बघता एसटी स्टँडवर आली. राग असा, की डोळ्यांतलं पाणीसुद्धा बाहेर येईना. एवढ्यात आईचा फोन.

"दादांचा फोन आलता. तुझ्यापायी त्यांनी सोताची मान अडकवली म्हणं. उद्या गेल्यागेल्या त्यांच्या पाया पड."

"आई, खोटं हाय ते. त्यांनीच केलंय सगळं."

"मोनाली, चूक झाली ती झाली. पर माझ्यापाशी तरी खोटं बोलू नगंस, बाळा."