ओले कपडे

माझ्या लॉन्ड्रीत एकच नियम आहे. ओला कपडा मी कोणाच्या हाती देत नाही. गिऱ्हाईक लग्नाला उशीर होतोय म्हणून रडो, नाहीतर काउंटरवर डोकं आपटो. वाळेल तेव्हा मिळेल.

बहीण गेल्यावर तिची आठ वर्षांची पोरगी तीन नातेवाइकांची घरं फिरून माझ्याकडे आली. बापाने तिचं काय केलं ते मी सांगणार नाही. असल्या गोष्टी चवीने ऐकणारे पुष्कळ पाहिलेत. कोणी जवळ गेलं की चिमटे काढायची, म्हणून मी तिला चिमटी म्हणते. तिची कापडी पिशवी कायम भरलेली. झोपतानाही उशाशी.

"कपाटात लाव की कपडे, माणसासारखे," वहिनी म्हणायची.

"राहू दे. पिशवी तिची आहे."

रविवारी मी चिमटीला विचारायचे, "इस्त्री करू?" तिने मान हलवली तरच एकेक कपडा काढायचा, इस्त्री करायची, होता तसा परत ठेवायचा. पिशवी रिकामी कर, असं एकदाही म्हटलं नाही. हळूहळू ती काउंटरमागे बसू लागली. मग गिऱ्हाइकांना दटावू लागली, "ओलं आहे. मिळणार नाही." अगदी माझ्याच तोऱ्यात.

आणि एक दिवस वहिनीने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. चिमटी कडकडून चावली.

दुसऱ्या दिवशी दादा गाडी घेऊन हजर.

"निवासी शाळेत बोलणं झालंय. तिथे शिस्त आहे."

"मागून हात लावू नका, हे किती वेळा सांगितलं होतं?"

"म्हणजे चूक आमची?"

"हो. तुमची."

"एवढे लाड केलेस. एकदा तरी हसली का तुझ्याकडे बघून?"

"हसवून घ्यायला आणलं होतं का तिला? चावली तरी ती इथेच जेवेल. नाही हसली तरी इथेच झोपेल."

"उद्या तुला चावेल, मग कळेल."

"चावून झालंय." मी मनगट दाखवलं.

दादा तिच्याकडे वळला. "चल बाळा. बरं झालं, पिशवी भरलेलीच आहे तुझी."

तिने पिशवी उचलली. ना रडणं, ना हट्ट. तो शहाणपणा बघून माझं डोकं फिरलं. असं मुकाट निघायला तिला कोणी शिकवलं? आम्हीच. सगळ्या सख्ख्यांनी मिळून.

मी दारात आडवी उभी राहिले. "चिमटे, तुला जायचंय?"

ती मागे वळली. साबणाच्या पाण्याने भरलेल्या टबापाशी गेली आणि पिशवी उपडी केली. फ्रॉक, स्वेटर, आईची ओढणी, सगळं पाण्यात. दोन्ही हातांनी तळापर्यंत दाबलं. मग मामाच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"ओलं आहे. मिळणार नाही."

"वाळतील की संध्याकाळपर्यंत," दादा गुरगुरला.

मी बाह्या सारल्या आणि तिच्या शेजारी बसले.

"बघ थांबून. आमच्याकडे साबण भरपूर आहे."