निरोप

कारेगावच्या कारखान्यात बायका टिकेनात. शेजारच्या कंपनीनं दारापर्यंत गाडी सोडली की चारजणी तिकडं. म्हणून दोन हजार चार साली मॅनेजर धुमाळसाहेबांनी नवी टूम काढली. जिला जे हवं ते कंपनी देणार, प्रत्येकीचा फॉर्म वेगळा. कुणी कुकर म्हणालं, कुणी पोराची सायकल.

पॅकिंगच्या धुरपदानं फॉर्म कोराच ठेवला. वर्षामागं माहेरी, न्हावऱ्यात तिची आई शेवटचं पाणी लेकीच्या हातून मागत होती. भावानं सकाळी दहाला कारखान्यात फोन केला. महिनाअखेरची मालाची गाडी भरायची होती, साहेबांनी निरोप दाबला आणि चारला, शिफ्ट सुटल्यावर सांगितला. "काम चालू असताना निरोप देत नाही आपण." धुरपदा पोचली तेव्हा उशाची वाटी भरलेलीच होती.

गुरवानं वर्षश्राद्धाची तिथी सांगितली. अठ्ठावीस तारीख, ऐन महिनाअखेर.

डबे उघडल्यावर ती लाईनवरच्या अकराजणींना म्हणाली, "कुकर ऱ्हाऊ द्या गं. सुट्टी मागा. कारणं निरनिराळी, तारीख एकच."

"माझी सासू तर ठणठणीत हाय," सारिका म्हणाली.

"मंग डोळं दाखवायला ने."

"तिला लांबचं बी दिसतंय, बाई. मी चोरून खाल्लेलं सुदिक."

साहेबांनी एकेकीला हसून सही दिली. बारा फॉर्म शेजारीशेजारी मांडून काही पाहिले नाहीत.

अठ्ठावीसला लाईन मुकी राहिली. दहाला साहेब मोटरसायकलवर न्हावऱ्यात आले. मांडवात बाराहीजणी पोळ्या लाटत होत्या, त्यांच्यातली भामाबाई गात होती:

पाण्याची ग वाटी, उशाला उरली
लेकीच्या वाटेला, नजर विरली

धुरपदा पदर खोचून बाहेर आली.

"धुरपदाबाई, गाडी उभी आहे. माझी नोकरी जाईल. आत निरोप तरी सांगा."

"सांगते की. पर काम चालू असताना आमी निरोप देत न्हाई, साहेब. बसा सावलीला."

साहेब बाभळीखाली बसले. तिनं पुढ्यात पाण्याची वाटी ठेवली, काठोकाठ. त्यांनी हात लावला नाही. पोळ्या झाल्या, पंगती बसल्या, उठल्या. बाभळीची सावली सरकली तसे साहेबही सरकत राहिले.

चारला धुरपदा आत गेली आणि निरोप सांगितला. शब्दनशब्द.