बुजवाबुजव

“ताई, हे चारच खड्डे बुजव ना गं! कुणाला कळणार आहे?”

धाकटी बहीण रडकुंडीला आली होती. मावशीने मातीची बादली खाली ठेवली आणि हाताची घडी घातली.

सगळं गाव तिला खड्डेवाली मावशी म्हणायचं. शर्यत झाली की हिरवळीवरचे खुरांचे खड्डे माती आणि गवताचं बी घालून बुजवायचे आणि वर टाच दाबायची, एकतीस वर्षं हेच काम. गावात दोनशे वर्षं चालत आलेली मोठी शर्यत तिने पुरती कधी पाहिलीच नव्हती. तिच्या वाट्याला लांबचं वळण. तिथून घोडे पापणी लवायच्या आत पसार व्हायचे. पण मागे राहिलेले ठसे बघून कोण दमला, कोण कुठे अडखळला, हे ती बिनचूक सांगायची. “दुर्बिणी घाला चुलीत,” असं पंचांनासुद्धा सुनवायची.

आज ती शर्यत तिच्या भाच्याने जिंकली होती. बहिणीचा एकुलता एक मुलगा, पण वाढला मावशीच्या मांडीवर. बारा वर्षं लंगड्या-लुळ्या घोड्यांवर बसून जॉकी म्हणवून घेतल्यावर आज कुठे नशीब उघडलं होतं. जिंकणाऱ्याचं नाव चौकातल्या दगडी भिंतीवर कोरलं जायचं. पण दुसऱ्या आलेल्या जॉकीने तक्रार केली होती, की हा वळणावर मला आडवा आला. भाचा म्हणाला, मी सरळच आलो. त्या काळी वळणावर कॅमेरे नसायचे. पंच ठसे बघायला निघाले होते.

मावशीने ते कधीच बघितले होते. भाच्याच्या घोड्याचा एक खूर तडकलेला, म्हणून त्याला आडव्या पट्टीचा नाल. साऱ्या शर्यतीत तसा एकच. तो ठसा बाहेरून तिरका आत, कठड्यालगतच्या घोड्याच्या थेट तोंडासमोर शिरला होता.

“घोडा बुजला असेल गं. त्यात त्याचा काय दोष?”

“घोडा बुजू दे. खड्डे मी बुजवणार नाही.”

“मावशी आहेस का वैरीण?”

“मावशी आहे म्हणून तर! जन्मभर त्या भिंतीसमोरून मान खाली घालून जाईल तो. तू रड आत्ता. माझी पाळी संध्याकाळी.”

पंच आले, वाकून बघू लागले. मोठ्या पंचांनी विचारलं, “मावशी, तुमचं काय म्हणणं?”

मावशीचा आवाज खणखणीत निघाला. “चूक आमच्या पोराची. आडवा आला तो.”

थोड्या वेळाने भोंग्यावरून दुसऱ्याचं नाव पुकारलं गेलं. बहीण तडक निघून गेली.

ऊन उतरलं, गर्दी पांगली. मावशी एकटीच खड्डे बुजवत होती, तेवढ्यात शर्यतीच्या रंगीत सदऱ्यातच भाचा आला.

“मावशी, मला तेव्हाच कळलं होतं,” तो म्हणाला. “बोलायची हिंमत नाही झाली.”

“आत्ता बोललास ना. धर बादली.”

तो माती घालून बुटाने दाबू लागला.

“पंजा नको रे, टाच! लहानपणी शिकवलंय तुला.”

शेवटच्या खड्ड्यात पट्टी लख्ख उमटली होती. भाचा थांबला. “बुजवू?”

“आता बुजव,” मावशी म्हणाली. त्याने टाच दाबली, आणि मग तिची रडायची पाळी आली.