दगडाचं फूल

परदेशातल्या ॲडम्सटाउन गावच्या हॉलमध्ये अकरा जणांनी मंदिराच्या पायाशिळेखाली एकेक बोट घातलं.

"भार माझ्यावर टाका!" अधरबाबा गरजले. एका सुरात मंत्राचा गजर झाला आणि शिळा कमरेएवढी उचलली गेली. लोक ओरडले, काही रडलेही.

"दगडाचं फूल झालं!" बाबा म्हणाले. "उद्या सिद्धांत विमानातून हिला किलकेनी शहरावरून फिरवून आणेल. रेवाताई सोबत बसतील."

मागे शशिकांत उभा होता, बगलेत घरचा वजनकाटा. तीन महिन्यांपूर्वी अशीच फूल झालेली आधीची शिळा सीटमागे ठेवून पियूषचं दोन आसनांचं विमान उडालं होतं. शेजारी माधवी, शशिकांतची बायको. विमान शेतात आपटलं, पेटलं, दोघंही गेली. शशिकांतने तिला अंगठीवरून ओळखलं.

"बाबा, शिळा काट्यावर ठेवा."

"शशीदादा, सगळं ग्रँड चाललंय, बसा ना," कुणीतरी म्हणालं.

"माधवीताईंनी मनात शंका आणली," बाबा हळहळले, "म्हणून तर..."

शशिकांतची मूठ बाबांच्या नाकावर बसली. भगव्यावर रक्त सांडलं. चौघांनी त्याला खाली पाडलं. बरगडीत लाथ बसली, ओठ फाटला.

"सोडा त्याला!" सिद्धांत ओरडला. "वजनच करायचंय ना? करू दे."

दोघांनी शिळा काट्यावर ठेवली. सहासष्ट किलो.

"म्हणा मंत्र! अजून मोठ्याने!" शशिकांत म्हणाला. सगळ्यांनी म्हटला. सहासष्टच.

"अकराने भागा. बोटाला सहा किलो. एकदम उचललं की झालं. विमानाला अकरा बोटं नसतात, सगळा भार पंखांवर."

"पण पियूषचं उडालं होतं की," रेवा म्हणाली.

"उडालं. वजन वाढलं की तरंगायला वेग जास्त लागतो, वळताना त्याहून जास्त. तो कमी पडला की पंखावरची हवा सुटते आणि विमान कोसळतं. स्टॉल म्हणतात त्याला. सिद्धांत, शिकवलंय ना तुला?"

"सुरुवातीलाच."

"पियूषलाही शिकवलं होतं. उड्डाणाआधी भरून ठेवलेल्या वजनाच्या कागदावर शिळेपुढे त्याने शून्य लिहिलंय."

शशिकांत गर्दीकडे वळला.

"भारतात जाताना अर्ध्या किलोसाठी बॅगेतून चॉकलेटं काढता ना रे? माधवी याच काट्यावर बॅग ठेवून काढायची."

"श्रद्धा..." बाबा नाक दाबून पुटपुटले.

सिद्धांतने खिशातून विमानाची किल्ली काढून रेवाच्या हातात दिली. "उद्या कुणी उडणार नाही."

शशिकांतने ओठावरचं रक्त पुसलं. "श्रद्धा ठेवायची तर ठेवा," तो म्हणाला. "पण आधी वजन करा."