मंगळावरची पलटण

उद्यमनगरात कुतुबुद्दीनच्या हाताला तोड नव्हती. इंजिनाच्या पार्टाचा लाकडी नमुना तो असा तासायचा, की ओतकाम करणारे डोळे झाकून त्यावर माती दाबायचे. चौऱ्याहत्तर साली शेजारचे जोतीराम सुभेदार बोटभर उंचीचे शिपाई मागायला आले, तेव्हा त्याला ते काम म्हणजे गंमतच वाटली.

सुभेदार एकाहत्तरच्या लढाईत पाय अधू करून घेऊन परतले होते. पलटणीत वाळूचे डोंगर-नद्या मांडून लढाई शिकवत. तोच खेळ त्यांना टेबलावर हवा होता. कुतुबनं छापखान्यातले अक्षरांचे झिजलेले शिशाचे खिळे वितळवून वीस शिपाई ओतले. सोमवारी, उद्यमनगरच्या सुट्टीला, डाव मांडला. फासा पडला, सुभेदारांचा एक शिपाई आडवा झाला. चहा निवला तरी त्यांचा हात पुढच्या चालीला उठेना.

"काय झालं वो?"

"न्हाय जमायचं कुतुबभाई. ह्ये लई खरं दिसतंय."

कुतुबला आठवडाभर चैन पडेना. शिपायांच्या बुटाच्या नाड्यासुद्धा त्यानं हौसेनं कोरल्या होत्या. खरं नको असेल, तर लढाई या जमिनीवर नकोच, असं त्याच्या मनानं घेतलं. माणूस चंद्रावर जाऊन आला होता. कुतुब मंगळावर गेला. बंद पडलेल्या घड्याळांची चाकं, संपलेल्या रिफिली, इंजेक्शनच्या बाटल्यांची टोपणं जोडून त्यानं तीन पायांची यंत्रं उभी केली. ना तोंड, ना नाव. टेबलावर लाल माती पसरली.

रंगवायला बायको नजीरा बसली. मोहरमच्या ताबुताच्या कागदावर वेलबुट्टी काढणारा हात तिचा. तिनं एकाच्या खांद्यावर चांदणी काढली, दुसऱ्याच्या विंचू, तिसऱ्याच्या जोंधळ्याचं कणीस.

"अगं, सगळी सारखी रंगव. पलटण हाय ती."

"पलटणीत माणसं सारखी असत्यात व्हय?" ती ब्रशावरची नजर न काढता म्हणाली.

यंत्रं बघून सुभेदार पहिल्यांदा खदखदून हसले. दोन सोमवार डाव रंगला. तिसऱ्या सोमवारी त्यांचं कणीसवालं यंत्र पडलं. सुभेदारांनी ते उचललं नाही, नुसतं बघत राहिले.

"आकाराम," सुभेदार म्हणाले. "माझ्या पलटणीतला, कुरुंदवाडचा. असाच उघड्यावर पडला. मागं फिरायचा हुकूम आला, आन् मी फिरलो. त्याला आणाय गेलो न्हाय."

दारात उभी नजीरा म्हणाली, "मग आता जावा की, भाऊ."

"कुठं?"

तिनं टेबलाकडं बोट केलं. कुतुबनं तिला डोळ्यांनी दटावलं; पण सुभेदार खुर्ची सरकवून वाकले होते. आडोशातली दोन यंत्रं त्यांनी बाहेर काढली आणि कुतुबच्या यंत्रांच्या तोफांसमोरून पुढं सरकवली.

"टाक फासा."

नेम चुकावा म्हणून हळूच एखादा कमी आकडा पाडावा, असं कुतुबला वाटून गेलं. पण लबाडी सुभेदारांनी लगेच ओळखली असती, आणि मग सगळंच फुकट गेलं असतं. त्यानं फासा खुळखुळवून खरा टाकला. एक यंत्र तिथंच पडलं. दुसरं, चांदणीचं, कणीसवाल्याला ओढत चार चालींत आडोशाला पोचलं. तोवर इकडं सुभेदारांचं राखणीविना राहिलेलं ठाणं कुतुबच्या हाती गेलं होतं.

"हरलासा," कुतुब हलक्या आवाजात म्हणाला.

"व्हय," सुभेदार म्हणाले आणि खेळाचे कायदे टिपलेल्या वहीत त्यांनी नवा कायदा लिहिला: पडलेल्याला माघारी आणलं, तर त्या डावाला हार म्हणायची नाही.

त्याच आठवड्यात ते एस्टीनं कुरुंदवाडला गेले. तीन वर्षांत आकारामच्या आईला, तानाबाईला, तोंड दाखवायचं धाडस झालं नव्हतं. परतल्यावर म्हणाले, सगळं खरं सांगितलं.

"काय बोलल्या त्या?" कुतुबनं विचारलं.

"इतकंच म्हटली, हात धू, जेवाय वाढते."

त्या सोमवारी डाव मांडलाच नाही. आकाराम झोपेत कसा बडबडायचा, पत्रं दुसऱ्याकडून लिहून घेऊन स्वतः लिहिल्याचं कसं सांगायचा, हे सुभेदार सांगत बसले, आणि कुतुब नि नजीरा ऐकत राहिले.