रंभेचं पहिलं पान

दत्ताराम माणूस सोन्यासारखा, पण पाहुणा दिसला की त्याचं डोकं चालायचं बंद. भांडुपच्या त्याच्या घरी मीटर बघायला आलेल्या माणसाचीही चहा घेतल्याशिवाय सुटका नसे. आणि मुलुंडच्या डोंगराकडेच्या ज्या प्राणिबागेत तो बावीस वर्षं हत्ती सांभाळत होता, तिथे आलेली पाहुणी तर अडीच टनांची.

तिचं नाव जुई. बाहेरगावची एक बाग बंद पडली म्हणून इकडे पाठवलेली, सात वर्षं एकटीच राहिलेली. इथे आधीच तीन हत्तिणींचा कळप होता. थोरली रंभा, पन्नाशीची, एक कान फाटलेली. ती जाईल तिकडे बाकीच्या दोघी. डॉक्टर श्रुतिका मॅडमनी पहिल्याच दिवशी दत्तारामला स्पष्ट सांगितलं, महिनाअखेर जुई कळपात मिसळली तर ठीक, नाहीतर तिला दूरच्या केंद्रात धाडायचं. एकट्या हत्तिणीला कोंडून ठेवणं इथे चालणार नाही.

झालं, दत्ताराम कामाला लागला. मधल्या जाड गजांपलीकडून रंभा बघतेय, आणि हा रोज सकाळी चाऱ्याची पहिली गाडी जुईपुढे नेतोय. कोवळा ऊस तिला, नाचणीचे मोठे गोळे तिला, वर "खा गो बाय" असं लाडाचं मालवणी. जुई इतकी लाडावली की गजांतून सोंड काढून त्याचा खिसा चाचपायची. रंभा मात्र दिवसेंदिवस फुगत चालली. मधलं फाटक उघडायची तयारी दिसली की येऊन आडवी उभी राहायची, जुई जवळ आली तर तिच्या तोंडावर माती उडवायची. मॅडमनी दोघींच्या चाऱ्याची अदलाबदल करून एकमेकींचा वास ओळखीचा करून पाहिला, रंभा ढिम्म. असे तीन आठवडे गेले. दत्तारामला तिचा असा राग आला की, म्हातारी कजाग आहे असं तो चक्क तिच्या तोंडावर बोलला.

त्या बुधवारी तो डबा घरी विसरला आणि त्याची बायको सुलक्षणा तो घेऊन आली. कठड्याला टेकून तिने पाच मिनिटं त्याला चारा घालताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, थोरलीच्या देखत नवीला पहिलं पान? रंभेच्या जागी मी असते, तर मीसुद्धा दारात आडवी झाले असते."

पाहुणीला आधी नाही वाढायचं तर कोणाला, असं दत्तारामचं म्हणणं.

"पाहुणी परत जाते. हिला राहायचंय ना?"

मग तिने राजेशच्या, म्हणजे त्यांच्या लेकाच्या, लग्नानंतरची गोष्ट काढली. तेव्हा महिनाभर सुरमईची पहिली तुकडी हा सुनेच्या ताटात वाढत होता, आणि महिनाभर सुलक्षणा त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तेव्हा तिची दाढ दुखत होती, अशी दत्तारामची इतकी वर्षं पक्की समजूत होती.

मॅडम हे ऐकून आधी हसल्या, मग विचारात पडल्या. दुसऱ्या दिवसापासून पहिली गाडी रंभेकडे, मग त्या दोघींकडे, जुई शेवटी. शिवाय जुईशी बोलायचंही नाही; तिचं लक्ष आता त्याच्याकडे नको, त्या तिघींकडे हवं. हे दत्तारामला फार जड गेलं. जुई सोंड काढून खिसा शोधायची आणि हा पाठ फिरवून, नाक ओढत शेण गोळा करायचा. रंभेने चार दिवस सगळं नीट तपासून घेतलं. पाचव्या दिवशी ती फाटकापासून आपणहून बाजूला झाली.

महिना संपायला दोन दिवस असताना फाटक उघडलं. जुई थबकत थबकत आत गेली. रंभेने तिला चहूबाजूंनी हुंगलं, मग सोंडेचं टोक तिच्या तोंडात घातलं. हत्तींची विचारपूस तशीच असते. बाकीच्या दोघीही येऊन खेटल्या.

"काका, जुई इथेच राहणार," मॅडम म्हणाल्या.

दत्तारामचे डोळे भरून आले. राहवेना, म्हणून गजांपाशी जाऊन त्याने हळूच हाक मारली, "जुये, बाय माझी."

जुईचा कान हलला. ती वळली नाही, रंभेला आणखी चिकटली.

दत्ताराम चाऱ्याची गाडी घ्यायला वळला. त्याने दुसऱ्यांदा हाक मारली नाही.